चित्राखालची ओळ झाकू नका

प्रति,
अमेरिकेतील वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये आणि विद्यापीठे यांच्या मुद्राचित्र विभागांतील अभिरक्षक व सूचिकार

सन्माननीय महोदय व महोदया,

सविनय नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकीच एका संस्थेच्या प्रदर्शनात मी एका चित्रासमोर बराच वेळ उभी होते. टपोऱ्या पांढऱ्या फुलांची एक फांदी, प्रत्येक फुलाच्या मधोमध पिवळ्या केसरांचा दाट झुबका, आणि त्या फांदीवर दोन चिमुकले पक्षी. नर पिवळाधमक, माथ्यावर आणि गळ्याखाली काळा. मादी त्याहून फिकी. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातील हे १८५ वे चित्र, बॅकमनचा वॉर्बलर. शेजारच्या पट्टीवर चित्रकार म्हणून एकच नाव होते, जॉन जेम्स ऑड्युबॉन, आणि त्यापुढे १८३३ हे साल. चित्राखाली छापलेली बारीक अक्षरांची ओळ, जिच्यात रेखाटणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचे नाव असते, ती माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसविलेल्या पुठ्ठ्याच्या, कडेखाली गेली होती. मी वाकून, मान तिरकी करून ती वाचण्याचा प्रयत्न केला, पण माउंटने तिचा वरचा अर्धा भागही शिल्लक ठेवला नव्हता.

त्या चौकटीत नेमके काय होते, ते येथे सांगते. हा पक्षी चार्ल्सटनजवळ प्रथम आढळला तो रेव्हरंड जॉन बॅकमन यांना. ऑड्युबॉन यांनी तो जिवंत कधीच पाहिला नाही. बॅकमन यांनी पाठविलेल्या कातड्यांवरून त्यांनी नर आणि मादी रंगविली. ती पांढरी फुले फ्रँकलिनिया या झाडाची आहेत. जॉन आणि विल्यम बार्ट्रम या पितापुत्रांना हे झाड १७६५ साली जॉर्जियातील अल्टामाहा नदीकाठी दिसले, त्यांनी त्याला बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव दिले आणि फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत त्याचे बी रुजविले. १८०३ नंतर ते रानात कुणालाही दिसलेले नाही. आज जगात जी फ्रँकलिनियाची झाडे आहेत ती बार्ट्रम यांच्या बागेतल्या रोपांचा वंश होत. पक्ष्याची गतही तीच झाली. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने २०२३ साली ज्या २१ जाती नामशेष झाल्याचे जाहीर करून संरक्षित जातींच्या यादीतून वगळल्या, त्यांत बॅकमनचा वॉर्बलर आहे. आणि ही फुले काढली आहेत मारिया मार्टिन यांनी. त्या बॅकमन यांच्या मेहुणी, पुढे १८४८ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या, चार्ल्सटनच्या घरी राहून ऑड्युबॉन यांच्या अनेक पक्ष्यांसाठी फांद्या, फुले आणि किडे रंगविणाऱ्या. फांदीचा डौल, पाकळीच्या कडेची किंचित मुरड, पानांमागची सावली हे सारे त्यांच्या हातचे आहे. पक्षी गेला, झाड रानातून गेले, आणि ज्या हाताने ते झाड कागदावर राहिले त्याचे नाव मात्र पट्टीवर नाही.

मी स्वतः मुद्राचित्रकार, म्हणजे दगडावर वा पत्र्यावर चित्र काढून ते छापणारी, आहे. मुंबईत कलाशिक्षण घेताना शिळाछापाचा दगड घासण्यापासून माझी सुरुवात झाली. एका दगडावर दुसरा दगड ठेवून, मध्ये वाळू आणि पाणी घालून तो इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहायचे, मनगटे भरून येईपर्यंत. मग कुठे त्या पृष्ठावर मेणचट खडू धरेल असा दाणा उमटतो. आता मी फिलाडेल्फियाच्या परिसरात राहते, म्हणजे अमेरिकेतील शिकारचित्रे आणि प्राणिचित्रे ज्या शहरात रुजली त्याच्या अंगणातच. येथे शिकणारी मराठी मुले आणि येथे नांदणारी कुटुंबे आपली प्रदर्शने आवर्जून पाहतात, आणि पट्टीवर जे लिहिलेले असते तेच मनात घेऊन घरी जातात. म्हणून हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. इंग्रजी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवीन.

माझी विनंती एवढीच आहे. या जुन्या छापचित्रांच्या पट्ट्यांवर आणि आपल्या संगणकीय सूचीत, चित्रात ज्यांचे ज्यांचे हात आहेत त्या सर्वांची नोंद कामासह करावी: पक्षी वा प्राणी कुणी काढला, झाडपाला आणि पार्श्वभूमी कुणी काढली, पत्र्यावर किंवा दगडावर ते कुणी उतरविले, कुणी छापले, रंग कुणी भरले. नाव ठाऊक नसेल तेथे काम लिहून नाव उपलब्ध नाही असे लिहावे. आणि चित्राखालची छापील ओळ माउंटने झाकू नये, छायाचित्रात कापू नये.

हे मागणे किरकोळ वाटू शकेल. ते तसे का नाही, हे कळण्यासाठी हे चित्र तयार कसे होत असे ते पाहावे लागते. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ १८२७ ते १८३८ या अकरा वर्षांत पाच-पाच चित्रांच्या ८७ भागांत निघाले, एकूण ४३५ चित्रे, सुमारे १०० सेंटिमीटर उंच आणि ६७ सेंटिमीटर रुंद कागदावर, कारण टर्कीसारखा पक्षीसुद्धा त्याच्या खऱ्या आकारात दाखवायचा हा ऑड्युबॉन यांचा हट्ट होता. त्यांनी काढलेले मूळ चित्र जलरंगातले, पेस्टल आणि पेन्सिलीचा हात फिरविलेले. ते लंडनला पोहोचले की रॉबर्ट हॅवेल (धाकटे) यांच्या कार्यशाळेत त्याचा दुसरा जन्म सुरू होई. प्रथम तांब्याच्या पत्र्यावर बाह्यरेषा कोरायची. मग राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून, खालून उष्णता देऊन ती चिकटवायची आणि पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल राळेच्या कणांमधल्या फटीतून तांबे खाते आणि तेथे शाई धरणारी बारीक जाळी तयार होते. जो भाग उजळ राहायला हवा तो रोगणाने झाकायचा, पुन्हा आम्ल, पुन्हा झाकण. पिसाच्या टोकाकडचा फिका करडा आणि पंखाखालचा गडद करडा यांच्यातले अंतर म्हणजे आम्लात घालविलेल्या वेळेचे अंतर. ही अ‍ॅक्वाटिंटची पद्धत ज्याने हाताने केली आहे त्याला माहीत आहे की येथे नक्कल करणारा हात पुरत नाही. आम्ल काय करील याचा अदमास घेणारी, जलरंगाची छटा मनातल्या मनात काळ्या शाईत वाचणारी नजर लागते, आणि हॅवेल यांची नजर तशी होती. कित्येक ठिकाणी पार्श्वभूमी त्यांनी स्वतः रचली किंवा पुरी केली. पुढे १८३९ साली ते अमेरिकेत आले आणि हडसन नदीकाठी निसर्गचित्रे काढत राहिले.

एवढे झाल्यावरही हाती येतो तो काळ्या शाईचा ठसा. रंग त्यात नसतो. प्रत्येक प्रतीवर, प्रत्येक पक्ष्यात, रंग हाताने भरलेला आहे. ४३५ चित्रे आणि दोनशेच्या आत पुऱ्या झालेल्या प्रती असा नुसता गुणाकार केला तरी किती हजार कागद रंग भरणाऱ्यांच्या टेबलांवरून गेले असतील ते ध्यानात येते. समोर नमुन्याचे रंगीत चित्र, बाजूला रंगांच्या वाट्या, आणि ओळीने बसलेली माणसे. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे आपल्याकडे नाहीत. पण ही माणसे केवळ मागे उभी असलेली गर्दी नव्हती, याचा पुरावा या ग्रंथाच्या जन्मातच आहे. ऑड्युबॉन यांनी काम सुरू केले ते एडिंबरोच्या विल्यम होम लिझार्स यांच्याकडे. पहिले दहा पत्रे तेथेच कोरले गेले. १८२७ मध्ये लिझार्स यांच्याकडे रंग भरणाऱ्यांनी संप केला. काम ठप्प झाले, ऑड्युबॉन लंडनला गेले आणि हॅवेल यांच्याशी त्यांची गाठ पडली. ज्या ग्रंथाचे आज आपण इतके कौतुक करतो, तो हॅवेल यांच्या हातून का घडला याचे एक कारण म्हणजे नावे न उरलेल्या माणसांनी खाली ठेवलेले कुंचले.

ऑड्युबॉन यांचा वाटा कमी करावा असे मी म्हणत नाही. त्यांच्या आधीचे बहुतेक पक्षी फांदीवर ठेवल्यासारखे दिसतात; त्यांचे झेपावतात, भांडतात, अंडे पळविणाऱ्या सापावर तुटून पडतात. नुकत्याच मारलेल्या पक्ष्याला तारांनी फळीवर अडकवून, त्याला जिवंतपणी असते तशी ढब देऊन, फळीवर चौकटी आखून आणि कागदावरही तशाच चौकटी आखून मापाबरहुकूम काढण्याची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. पण पक्ष्याला बसायला फांदी लागते. १८२० च्या ऑक्टोबरात ऑड्युबॉन सिनसिनाटीहून सपाट बुडाच्या नावेतून मिसिसिपीच्या खालच्या अंगाला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर जोसेफ मेसन हा त्यांचा विद्यार्थी होता, वय वर्षे १३. दिवाळे निघालेल्या गुरूबरोबर तो मुलगा दोन वर्षांच्या आसपास हिंडला, आणि पन्नासाहून अधिक चित्रांतील फुले, पाने, वेली त्याने काढल्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची वनस्पतीची जाण काय असू शकते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी लुइझियानातील त्या काळची मूळ जलरंगचित्रे पाहावीत. छापील पत्र्यावर मात्र मेसनचे नाव कोठेही उमटले नाही. जॉर्ज लेहमन यांचेही तेच. १८३१-३२ च्या दक्षिणेकडील प्रवासात त्यांनी ऑड्युबॉन यांच्यासाठी कितीतरी पार्श्वभूमी रंगविल्या. लांब चोचीच्या कुरलव पक्ष्याच्या चित्रात दूरवर पाण्यापलीकडे चार्ल्सटन शहर दिसते, ते लेहमन यांचे. मारिया मार्टिन यांची मदत ऑड्युबॉन यांनी आपल्या लेखनात मान्य केली, एका सुतारपक्ष्याला त्यांचे नावही दिले. पण ती वेगळी जात नव्हती असे पुढे ठरले आणि ते नावही पुस्तकातून गेले.

मूळ जलरंगचित्रे ऑड्युबॉन यांच्या पत्नी लुसी ऑड्युबॉन यांच्याकडून न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने १८६३ साली घेतली, म्हणून आज कोणता हात कोणाचा हे अभ्यासकांना चित्र समोर ठेवून ताडता येते. माहिती नाही असे नाही. ती ग्रंथांत आहे, अभ्यासकांच्या सूचीत आहे. ती भिंतीवर येत नाही, एवढेच.

तांब्याच्या पत्र्यांची कथा तर मला फार लागते. ग्रंथ पुरा झाल्यावर पत्रे अमेरिकेत आणले गेले, आणि अखेरीस पैशांच्या अडचणीत लुसी ऑड्युबॉन यांना ते मोडीत विकावे लागले. कनेक्टिकटमधील अँसोनिया येथे ते भट्टीत जात असताना कारखान्याच्या व्यवस्थापकांचा चौदा वर्षांचा मुलगा, चार्ल्स कौल्स, याची नजर त्यावरील पक्ष्यांवर गेली आणि त्याच्या धडपडीने काही पत्रे वाचले. आज ऐंशीच्या आसपास पत्रे शिल्लक आहेत, त्यांतील काही आपल्या संग्रहांत आहेत, आणि ते ‘ऑड्युबॉन यांचा ताम्रपत्रा’ म्हणून मांडले जातात. त्या तांब्यावरची रेघ हॅवेल यांची किंवा त्यांच्या कार्यशाळेतल्या कुणाची आहे. निदान त्या वस्तूवर तरी पहिले नाव कोरणाऱ्याचे यायला हवे.

ऑड्युबॉन यांच्या आधी अलेक्झांडर विल्सन होते, स्कॉटलंडमधल्या पेस्लीचे विणकर आणि कवी, १७९४ साली अमेरिकेत आलेले. त्यांच्या ‘अमेरिकन ऑर्निथॉलॉजी’चे नऊ खंड १८०८ ते १८१४ या काळात फिलाडेल्फियात निघाले, शेवटचे काम जॉर्ज ऑर्ड यांनी पुरे केले, कारण विल्सन १८१३ सालीच गेले. हस्तिदंती चोचीचा जखमी सुतारपक्षी त्यांनी उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टनला पकडून खानावळीच्या खोलीत ठेवला होता. त्याने तासाभरात भिंतीला भोक पाडत आणले, मेजाला बांधला तर मेजाचे लाकूड फोडले, चित्र काढताना विल्सन यांना अनेक ठिकाणी जखमी केले आणि तिसऱ्या दिवशी मेला. हा प्रसंग सारे सांगतात. त्या पक्ष्याला तांब्यावर उतरविणाऱ्या अलेक्झांडर लॉसन यांच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. विल्सन यांच्या ग्रंथातील बहुतेक पत्रे लॉसन यांचे आहेत. पुढे शार्ल ल्युसियँ बोनापार्ट यांच्या पक्षिग्रंथात टायटियन पील आणि अलेक्झांडर रायडर यांची चित्रे त्यांनीच कोरली, आणि त्यांच्या मुली हेलन आणि माल्व्हिना यांनी शंखशिंपल्यांवरील शास्त्रीय ग्रंथांत चित्रे काढली, रंगविली. एका घरात दोन पिढ्या हे काम चालले होते. फिलाडेल्फियाच्या किती रहिवाशांना लॉसन हे नाव ठाऊक आहे?

ऑड्युबॉन आणि बॅकमन यांच्या ‘व्हिव्हिपेरस क्वाड्रुपेड्स’ या सस्तन प्राण्यांच्या ग्रंथाबाबत तर चूक टाळणे फारच सोपे आहे, कारण उत्तर कागदावरच छापलेले आहे. १८४५ ते १८४८ या काळात निघालेल्या त्या १५० शिळाछापांपैकी निम्म्याच्या आसपास चित्रे ऑड्युबॉन यांचे धाकटे चिरंजीव जॉन वुडहाउस यांनी काढली. थोरले चिरंजीव व्हिक्टर यांनी पार्श्वभूमी केल्या, आणि मजकुराचा मोठा भार बॅकमन यांनी उचलला, ज्यात मारिया मार्टिन यांचीही मदत होती. वडिलांची दृष्टी आणि स्मरण तोवर ढासळत चालले होते; १८५१ च्या जानेवारीत ते वारले. चित्राखाली ‘जे. डब्ल्यू. ऑड्युबॉन’ असे स्पष्ट छापलेले असते, आणि कित्येक ठिकाणी दगडावर चित्र उतरविणारे विल्यम हिचकॉक यांचेही नाव असते. छपाई आणि रंग फिलाडेल्फियाच्या जॉन टी. बोवेन यांच्याकडे, जेथे बोवेन यांच्या पत्नी लॅव्हिनिया स्वतः शिळाछापात आणि रंगकामात निष्णात होत्या व पतीच्या पश्चात त्यांनी तो धंदा पुढे चालविला. माउंट इंचभर खाली असता तर हे सारे भिंतीवरच वाचता आले असते. आपल्या सूचीत मात्र यांतील कितीतरी चित्रे सरसकट वडिलांच्या नावे लागलेली मी पाहिली आहेत.

शिकारचित्रांकडे वळते, कारण तेथे हा अन्याय आणखी सवयीचा झाला आहे. त्या काळी निसर्गअभ्यासक आणि शिकारी हे दोन वेगळे लोक नव्हते. १८३० पासून फिलाडेल्फियात जॉन आणि टॉमस डौटी या बंधूंनी जे मासिक चालविले, त्याच्या नावातच ‘नॅचरल हिस्टरी’ आणि ‘रूरल स्पोर्ट्स’ शेजारी शेजारी आहेत. अमेरिकेत छापलेली पहिली रंगीत शिकारचित्रे म्हणून त्यातील शिळाछापांकडे बोट दाखविले जाते. हेही रंग हातानेच भरलेले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र श्रीमंतांच्या वर्गणीच्या ग्रंथातून निघून सामान्य माणसाच्या बैठकीच्या खोलीत आले, ते नॅथॅनिएल करियर आणि नंतर करियर अँड आइव्हज यांच्या न्यूयॉर्कच्या छापखान्यामुळे. या कंपनीने सात हजारांवर वेगवेगळी चित्रे छापली. लहान चित्र काही सेंटांत मिळे, मोठे दीड ते तीन डॉलरांत. रंग भरण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत: लांब टेबल, मध्ये नमुन्याचे चित्र, एकीने निळा रंग भरून कागद पुढे सरकवायचा, दुसरीने हिरवा, तिसरीने तांबडा. बदकांच्या शिकारीच्या चित्रात पहाटेच्या आकाशाचा गुलाबी फिकटपणा आज आपल्याला सुखावतो, तो त्यांच्यातल्या कुणीतरी ओल्या कागदावर पाणी ओढून आणलेला आहे.

या कंपनीच्या शिकारचित्रांचे नाव निघाले की आर्थर फिट्झविल्यम टेट यांचे नाव पुढे येते. ते लिव्हरपूलहून १८५० साली आलेले, उत्तम चित्रकार, आणि अस्वलाशी झुंजणाऱ्या शिकाऱ्याचे त्यांचे १८६१ चे चित्र संग्राहकांत फार मोलाचे मानले जाते. पण टेट यांनी तैलचित्र केले. दगडावर ते उलटे, म्हणजे डाव्याचे उजवे करून, दुसऱ्या कुणीतरी काढले. लुई माउरर आणि चार्ल्स पार्सन्स यांच्यासारखे लोक हे काम करीत. आणि स्वतः दगडावर काढणाऱ्या फ्रान्सेस पामर? लेस्टर येथे जन्मलेल्या, १८४० च्या दशकात न्यूयॉर्कला आलेल्या या बाईंनी कंपनीसाठी दोनशेच्या आसपास चित्रे केली, त्यांत पाणलाव्यांच्या आणि वुडकॉकच्या शिकारीची आहेत, धावत्या कुत्र्यांची आहेत, दलदलीची आहेत. त्यांची चित्रे घराघरांत लागली, आणि त्या घरांना त्यांचे नाव कळले नाही. मला त्यांच्या दलदली विशेष आवडतात. पाणी कोठे संपते आणि गवत कोठे सुरू होते हे त्या खडूच्या एका बाजूने, जवळजवळ आडवा धरून, दाखवितात. दगडावर हे साधणे किती अवघड आहे ते मला माझ्या वाया गेलेल्या दगडांनी शिकविले आहे.

हातांविषयी बोलताना कुंचला न धरलेल्या हातांविषयीही बोलले पाहिजे. मार्क केट्सबी यांनी १७२९ पासून कॅरोलायनाच्या निसर्गाचा जो चित्रग्रंथ काढला, त्याचे बहुतेक सारे पत्रे त्यांनी स्वतः कोरले, कारण कोरणाऱ्यांना द्यायला पैसे नव्हते. पण रानात त्यांची रंगांची आणि कागदांची पेटी वाहून नेणारा एक मूळनिवासी माणूस होता, आणि प्रस्तावनेत त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. नाव न देता. ऑड्युबॉन यांच्या घरी गुलाम होते. १८१९ साली दोन गुलाम माणसांनी त्यांना होडीतून न्यू ऑर्लीन्सपर्यंत नेले, आणि तेथे त्यांनी होडी विकली व त्या दोघांनाही विकले. ही गोष्ट त्यांच्या चित्रांच्या दालनात सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि टॉमस ईकिन्स यांचे येल विद्यापीठाच्या संग्रहातील १८७६ चे तैलचित्र पाहा. डेलावेअरच्या दलदलीत भरतीच्या वेळी ‘रेल’ पक्ष्यांची शिकार चालली आहे. एक जण बंदूक रोखून उभा, दुसरा होडीच्या टोकावर लांब बांबू रोवून ती स्थिर धरून उभा. बांबूवाल्याचे पाय जरा हलले तर नेम चुकेल, दोघेही पाण्यात जातील. ईकिन्स यांनी दोघांनाही सारख्याच काळजीने रंगविले आहे. शीर्षकात बंदूकवाल्याचे नाव आणि आडनाव आहे, विल शुस्टर. दुसऱ्यासाठी ‘ब्लॅकमन’ एवढाच शब्द. शीर्षक बदला असे मी म्हणत नाही. त्याच्याशेजारी दोन वाक्ये लिहा, त्या माणसाचे काम काय होते आणि ते किती कसबाचे होते, एवढे म्हणते.

आपण म्हणाल की पट्टीवर जागा कमी असते आणि पाहणारा चार ओळींपलीकडे वाचत नाही. माझा अनुभव उलटा आहे. मी ओळखीच्या मुलांना अशा प्रदर्शनांत नेते तेव्हा ‘हे फूल काढणारी बाई वेगळी होती, आणि हा पिवळा रंग आणखी कोणी भरला’ असे सांगितले की ती चित्राच्या जवळ जातात, फूल वेगळे पाहतात, पक्षी वेगळा पाहतात, रंग रेषेच्या बाहेर कोठे गेला आहे ते शोधतात. एकच नाव सांगितले की पुढच्या चित्राकडे वळतात. आपण असेही म्हणाल की सूचीच्या जुन्या नोंदी एकाच कर्त्याच्या हिशेबाने रचल्या आहेत. पण आजच्या सूचीपद्धतीत चित्रकार, कोरणारा, मुद्रक, रंग भरणारा अशा भूमिका स्वतंत्रपणे नोंदविता येतात, आणि काही संस्था त्या नोंदवितातही. तेथे ‘मारिया मार्टिन’ असे शोधले की चित्रे समोर येतात. बाकीच्या ठिकाणी शोधले की काहीच येत नाही, जणू ती बाई कधी नव्हतीच. आणि पुराव्याविषयी शंका असेल तेथे शंका लिहावी. ‘बहुधा’ या शब्दाने कोणत्याही संस्थेची प्रतिष्ठा कमी झालेली नाही.

२०१० च्या डिसेंबरात लंडनच्या लिलावात ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ची एक पूर्ण प्रत ७३ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. अशा सुमारे १२० पूर्ण प्रती आज जगात उरल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक आपल्यासारख्या संस्थांच्या ताब्यात आहेत. लिलाव करणारे एकच नाव घेणार, त्यांचा तो धंदा आहे. आपले काम निराळे आहे. नाव कोणाचे आणि हात कोणाचा हे आपण नोंदविले नाही तर ते नोंदविणारे दुसरे कोणी उरत नाही.

म्हणून सुरुवातीच्या त्या १८५ व्या चित्रासाठी एक पट्टी मी लिहून पाठवीत आहे. शब्द आपण बदलावेत, क्रम बदलावा, नावे मात्र ठेवावीत:

‘बॅकमनचा वॉर्बलर, नर व मादी, फ्रँकलिनियाच्या फांदीवर. १८३३. पक्षी: जॉन जेम्स ऑड्युबॉन, जॉन बॅकमन यांनी चार्ल्सटनहून पाठविलेल्या कातड्यांवरून. फांदी व फुले: मारिया मार्टिन. तांब्यावरील कोरीव काम व अ‍ॅक्वाटिंट: रॉबर्ट हॅवेल (धाकटे) व त्यांची कार्यशाळा, लंडन. रंग: त्याच कार्यशाळेतील रंग भरणारे, नावे उपलब्ध नाहीत.’

ही पट्टी लागेपर्यंत निदान त्या चौकटीचा माउंट सैल करून इंचभर खाली घ्यावा, अशी विनंती आहे. ती ओळ तेथेच, त्याच्याखाली आहे.

आपली विश्वासू,
एक मुद्राचित्रकार
फिलाडेल्फिया परिसर